एवढ्याने काय होतंय?

आमच्या सोसायटीतल्या सत्यनारायणाला मी शिऱ्याचा प्रसाद खाल्ला नाही, खिशात घातला. हे वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या, त्यांनी कथा नीट ऐकलेली आहे. साधुवाण्याची कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली आणि नवऱ्यासकट अख्खी नाव पाण्यात गडप झाली. माझ्याकडे नाव नाही, हार्बर लाइनचा पास आहे. पण पनवेलहून सुटलेली गाडी वाशीच्या खाडीवरून जाते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी धाकधूक मलाही झाली.

त्याआधी मी सरळ सांगून पाहिलं होतं, "मला चालत नाही हो."

"शुगर?" द्रोण पुढे करत सेक्रेटरींनी विचारलं.

"नाही, गहू चालत नाही."

"अहो, पण हा रवा आहे!"

रवा कशाचा असतो यावर आरतीच्या ताटासमोर परिसंवाद घेणं बरं दिसेना. तेवढ्यात मागून एक काकू म्हणाल्या, "देवाचा आहे, एवढ्याने काय होतंय?" मी द्रोण कपाळाला लावला, पाठ फिरवली आणि शिरा रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला. सव्वा किलो रव्याला सव्वा किलो तूप या हिशेबाचा शिरा होता तो. पाच मिनिटांत सेक्रेटरी सर्वांसमोर म्हणाले, "साहेब, तुमचा खिसा पाझरतोय."

तर मला सिलियाक आहे. पनवेलमध्ये हे नाव घेतलं की लोकांना तो नवा टॉवर वाटतो. एकाने "पझेशन कधी?" असंही विचारलं होतं. खरं म्हणजे पझेशन फार पूर्वीच झालं होतं, मलाच पत्ता नव्हता. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की आमच्यासारख्यांच्या शरीरातली पहारेकरी यंत्रणा चोर सोडून घरमालकालाच बडवत सुटते. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते, ती झडते आणि आतडं जुन्या सतरंजीसारखं सपाट होतं. मग अन्नातलं लोह अंगी लागत नाही. मी सहा वर्षं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, बीट खाल्लं, खजूर खाल्ले, बायकोने लोखंडी कढई आणली. कढई झिजली, पण हिमोग्लोबिन नवाच्या वर सरकेना.

शेवटी एका डॉक्टरांना शंका आली. त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली आणि मी त्याच दिवशी अतिशहाणपणा करून पोळी सोडली. पुढच्या भेटीत हे अभिमानाने सांगितलं तर ते वैतागले. गहू सोडला तर रक्तात आणि आतड्याच्या तुकड्यात काही दिसणारच नाही, तेव्हा तपासण्या होईपर्यंत रोज पोळी खायची! आयुष्यात प्रथमच मला औषध म्हणून पाव लिहून मिळाला होता. पुढचे काही आठवडे मी पुरणपोळी, खारी, शंकरपाळे, बनमस्का अशा सगळ्यांचा रीतसर निरोप घेतला. पोटाचे बारा वाजले, पण वैद्यकीय सल्ल्याने.

निदान पक्कं झालं. गोळी नाही, इंजेक्शन नाही. जन्मभर गहू बंद, हाच इलाज. नातेवाइकांना ते पटेना. "हा उत्तरेकडच्या लोकांचा आजार, तुला कसा झाला?" असं मामा म्हणाले. जणू मी तो दिल्लीहून रिझर्व्हेशन करून आणला होता. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला तो असतो आणि दक्षिणेत फारच कमी, हे खरंच आहे. आम्ही मधले, म्हणून बहुधा वाटाघाटीत सापडलो.

गंमत म्हणजे रायगड हे भाताचं कोठार. माझी आजी रोज तांदळाची भाकरी थापायची, गव्हाची पोळी सणावारी. आम्ही शिकलो, नोकरीला लागलो, पोळीवर आलो आणि भाकरीला गावठी म्हणू लागलो. आता आजीची परात माळ्यावरून खाली आली. बायकोने दुसरी शक्कल काढली ती उपासाच्या फडताळातून. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा यांतल्या कशातच गहू नाही! माझा डबा उघडला की ऑफिसात विचारणा व्हायची, "आज काय आहे?" सोमवारी खिचडी, मंगळवारी वरीचा भात, बुधवारी राजगिऱ्याची भाकरी. महिन्याभरात माझ्या भक्तीची कीर्ती दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. एका कनिष्ठ सहकाऱ्याने तर मुलीच्या लग्नाचा मुहूर्त मला विचारला.

खरा सामना झाला तो गिरणीत. गव्हावर गहू आणि ज्वारीवर ज्वारी दळायची, हा गिरणीचा जुना कायदा. मी तांदळाचा डबा ठेवून ऐटीत म्हणालो, "तांदळावर तांदूळ."

"आत्ताच गहू काढलेत. पहिलं मूठभर पीठ मिसळून येईल, एवढ्याने काय होतंय?"

मी त्याला कायदा ऐकवला. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्या देशात नियम आहे. गिरणीवाल्याने पांढऱ्याफटक चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "वीस मिलिग्रॅम? साहेब, माझ्या भुवयांवर त्याहून जास्त आहे."

त्याच आठवड्यात मी घरघंटी घेतली आणि स्वतःला या विषयातला अधिकारी समजू लागलो. अधिकाऱ्याला जनता लागते; तीही मिळाली. आमच्याच इमारतीतल्या आठ वर्षांच्या मुलीला हाच आजार निघाला. तिची आई डोळे पुसत आमच्याकडे आली. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा. मी आहे ना!"

शनिवारी दोघींना जेवायला बोलावलं. नवा तवा काढला, स्वतंत्र पोळपाट काढला. पिठलं, वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या आणि भात असा बेत केला. स्वयंपाक होईपर्यंत मी मुलीला इतिहास सांगितला. १९२४ साली अमेरिकेत सिडनी हास नावाच्या डॉक्टरांनी अशा मुलांना भरपूर केळी खाऊ घालून बरं करायचा मार्ग काढला. मुलं सुधारायची, आणि लोकांना वाटायचं, गुण केळ्याचाच. खरा गुण पाव बंद होण्यात होता. हॉलंडमधले डॉक्टर विलेम डिके यांचा गव्हावर आधीपासून संशय होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना, तेव्हा एरवी आजारी असणारी ही मुलं उलट बरी दिसू लागली. पाव परत आला आणि दुखणंही परतलं. १९५० साली डिके यांनी आपल्या प्रबंधात हे सगळं मांडलं.

"म्हणजे त्या मुलांना रोज केळीच?" तिने विचारलं. युद्ध, दुष्काळ, प्रबंध यांतलं तिला एवढंच भावलं होतं. मग ती उठून ओट्याशी गेली आणि डबे वाचू लागली. इंग्रजी माध्यमातली मुलगी, नुकतंच घडाघडा वाचता येऊ लागलेलं. मीठ वाचलं, हळद वाचली, बेसन वाचलं. हिंगाच्या डबीवर मात्र तिचं बोट थांबलं.

"काका, व्हीट फ्लोअर म्हणजे काय?"

"गव्हाचं पीठ. का गं?"

"ह्यात आहे."

मी डबी हिसकावली, चष्मा लावला. खाण्याचा डिंक, मैदा आणि मग हिंग. अस्सल हिंग इतका उग्र की त्यात पीठ घालूनच तो विकतात. कुणी तांदळाचं घालतात, कुणी मैदा. आमचा मैद्यावाला निघाला. पिठल्यात हिंग होता आणि बिरड्यातही.

आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "अगं, चिमूटभरच घातलाय. एवढ्याने काय..."

पुढचे शब्द मी गिळले. ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी गिरणीवाल्याच्या भुवयांकडे बघितलं होतं. दीड वर्ष माझ्या रक्तातले या आजाराचे आकडे म्हणावे तसे उतरत नव्हते. मी कधी गिरणीला दोष दिला, कधी ऑफिसच्या कँटीनला, एकदा तर खाडीच्या हवेला. आणि आमच्या फोडणीत रोज दोन वेळा, माझ्याच हाताने निवडलेल्या डबीतून मैदा पडत होता.

त्या रात्री पाहुण्यांनी भाकरी, भात, तूप, मीठ आणि चार केळी असं जेवण केलं. "हास डॉक्टरांसारखं," असं म्हणून मुलीने चौथं केळं संपवलं. वहिनींनी जाताना मला धीर दिला. "होतं हो भाऊजी. आम्ही आहोत ना!"

आता आमच्या घरात नवा डबा आला की आधी वर तिच्याकडे जातो. बोट फिरतं, मान हलते, मग तो खाली येतो.

परवा पुन्हा सत्यनारायण झाला. सेक्रेटरींनी आमच्या दोघांसाठी केळ्याचे काप वेगळ्या ताटलीत ठेवले होते. मी गहिवरून हात पुढे केला. तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, थांबा. चमचा शिऱ्यातलाच आहे."

"एवढ्याने..." सेक्रेटरी म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या खिशाकडे गेली आणि ते मुकाट्याने दुसरा चमचा आणायला उठले.