डावीकडची कारकुनी

आयुष्याची बत्तीस वर्षे कोषागारात लोकांना पावत्या देण्यात घालविलेल्या माणसाला निवृत्तीनंतर फ्रान्सच्या महामार्गावर पावत्या घेण्याची चाकरी, तीही बिनपगारी, करावी लागेल, असे भाकीत कोणा ज्योतिष्याने केले असते, तर मी त्याची दक्षिणा अडकवून ठेवली असती. परंतु पुतण्याची मोटार पडली विलायती, म्हणजे तिचे स्टिअरिंग उजवीकडे. आणि खाडीपलीकडचा सारा मुलूख रस्त्याच्या उजव्या अंगाने चालत असल्यामुळे टोलनाक्याची खिडकी नेमकी डाव्या आसनासमोर, म्हणजे माझ्यासमोर, येऊन ठाकत असे.

लंडनहून स्वित्झर्लंडातील झेर्मात या गिरिस्थानी मोटारीने जाण्याचा हा बेत पुतण्याचा. आम्ही मोटारीत, मोटार आगगाडीत आणि आगगाडी समुद्रतळाच्याही खाली, अशी ती एकात एक बसविलेली डब्यांची चळत ३५ मिनिटांनी कॅलेला उघडली. निघण्यापूर्वी त्याने दिव्यांच्या काचांवर पट्ट्या डकविल्या होत्या. कारण इंग्लिश मोटारीचे दिवे स्वभावतःच डावीकडे कटाक्ष टाकणारे, आणि परमुलखात तो कटाक्ष समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत शिरतो.

नाका आला की पुतण्या ‘काका!’ म्हणून पुकारा करी, मी काच खाली घेई आणि यंत्राने जीभ काढावी तसे बाहेर काढलेले तिकीट चिमटीत धरी. रीम्सच्या अलीकडे मात्र, डावी बाजू घासेल या धास्तीने त्याने मोटार यंत्रापासून चांगली दोन हात दूर उभी केली. मी पट्टा सोडला, चष्मा खिशात ठेवला, कमरेपर्यंत खिडकीबाहेर आलो, आणि माझी बोटे व ते तिकीट यांत वीतभर अंतर उरले असता मागच्या मालमोटारीने एकदाच, परंतु चांगला पल्लेदार वाक्याएवढा लांब, भोंगा वाजविला. ‘अहो, दार उघडून उतरा की,’ सौभाग्यवती मागून म्हणाल्या. हा उपाय आम्हां दोघां पदवीधरांपैकी कोणासही सुचला नव्हता.

स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवर मात्र मी मनातल्या मनात पगडी उतरविली. तेथे महामार्गावर नाक्यानाक्यांवर हात पसरणे नाही; ४० फ्रँक भरून एक चिठ्ठी घ्यावयाची आणि ती समोरच्या काचेस चिकटवावयाची. आमचा मुक्काम चार दिवसांचा, चिठ्ठी वर्षाची. थोडक्या मुदतीची मिळतच नाही. शिवाय ती सोलू जाता फाटावी अशीच घडविलेली, त्यामुळे भाऊबंदांच्या मोटारींवर फिरविण्याची सोय नाही. असे निर्दोष महसुली डोके मी आमच्या खात्यात एकदाही पाहिले नाही.

जिनिव्हा सरोवर उजव्या हाताला येऊन गेले; त्याचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे. व्हिस्पपासून दरी आवळत गेली आणि टेश गावी आमचा रस्ता संपला. म्हणजे रस्ता पुढे होता, परंतु तो आमच्यासाठी नव्हता. झेर्मातला तेलावर चालणाऱ्या खासगी मोटारींस मनाई आहे. गावात फिरतात त्या विजेवरच्या, कपाटासारख्या चौकोनी गाड्या. उरलेले पाच किलोमीटर आगगाडीने जावयाचे, १८९१ पासून चालत आलेल्या लोहमार्गावरून. हे पुतण्यास ठाऊक होते. ‘आधी सांगितलं असतं तर तुम्ही विमानानंच चला म्हणाला असता,’ असे त्याने वाहनतळाची चिठ्ठी खिशात घालता घालता कबूल केले.

सौभाग्यवतींनी वाहनतळाकडे पाहिले, ढकलगाडीवर रचलेल्या बॅगांकडे पाहिले. ‘म्हणजे हा दस्तुरी नाकाच की!’ त्या म्हणाल्या. ‘फक्त घोडेवाले मागे लागत नाहीत.’ माथेरानची ही अट पुण्याहून दोन-तीन तासांत समजते. आम्ही तिच्यासाठी समुद्राखालून आलो होतो.

तिकिटाच्या खिडकीशी पुतण्या थबकला, रस्त्यातल्या सवयीने एक पाऊल उजवीकडे सरला आणि वळून म्हणाला, ‘काका!’