प्रेमदिनातील मधमाशीचे स्थान

१४ फेब्रुवारीच्या भेटवस्तूंत मधमाशीचे कार्य जवळजवळ शून्य, म्हणूनच आदर्श आहे. संत व्हॅलेंटाइन ख्रिस्ती परंपरेत प्रेमिकांचे आणि मधपाळांचेही आश्रयदाते. बाजारपेठ पहिल्या खात्याला लाभली. मावळच्या पॉलिहाऊसमधला गुलाब डोळे भरलेल्या कलमांवर येतो आणि कळीतच कापला जातो, त्यामुळे माशीची लुडबुड टळते. चॉकलेटच्या कोकोचे परागीभवन चिलटांएवढे कीटक उरकतात. शुभेच्छापत्रावर मात्र मधमाशीच हसते, गालांवर लाली घेऊन.

साकोलीला मधमाशी दूर ठेवण्याची ही शिस्त पाळणे अवघड, तरी ती पाळली जाते. शेजारी नागझिऱ्याचे जंगल, उंच झाडांना आग्यामोहोळ, फुलायला लागलेला पळस. पण फुकटच्या फुलाने प्रेम सिद्ध होत नाही. त्याला बिल लागते. सेलोफेनमधला गुलाब महामार्गाने रीतसर भाडे भरून येतो. पुढील सुधारणा म्हणून मधाच्या वासाची, पॅराफिनची मेणबत्ती सुचवता येईल.

मधमाश्यांचा स्वतःचा व्यवहार याहून काटकसरीचा. कामकरी माशी जन्मभर राबून चमच्याचा बारावा हिस्सा मध करते आणि प्रेमात पडत नाही. नर पडतो. तो भेटवस्तू आणत नाही. राणीशी मीलन होताच मरतो, त्यामुळे पुढच्या वर्षीचाही खर्च वाचतो.