मीटरबाहेरची पंधरा मिनिटं

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत ड्रेनेजची लाइन टाकायला जेसीबी आला. सकाळी साडेसातला ऑपरेटर हजर, पण केबिनमध्ये चढायचं नाव नाही. तो मशीनभोवती फिरत होता, गुडघ्यावर बसून खाली डोकावत होता. बूमजवळचा एक होज पाइप ओलसर दिसला. हेल्परने पुसायला हात पुढे केला, तसा त्याने तो हात झटक्याने मागे ओढला. ‘हात नको. पुठ्ठा आण.’

मी गेटपाशीच उभा होतो. विचारलं, तर म्हणाला, ‘काका, आतलं तेल सुईसारखं घुसतं. बोट गेलेला माणूस बघितलाय मी.’

खरं आहे ते. आपल्या मोटारीच्या टायरात तीस-पस्तीस पीएसआय हवा असते. जेसीबीच्या हायड्रॉलिक पाइपात तेलाचा दाब तीन हजारांच्या वर जातो, पोकलेनमध्ये पाच हजारांच्या घरात. इंजिन बंद केलं तरी तो दाब लगेच उतरेलच असं नाही. पाइपाला टाचणीएवढं भोक पडलं तरी तेलाची धार कातडी भेदून आत जाते. वर दिसतो फक्त एक ठिपका, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. काही तासांत हात सुजतो. तोवर माणूस मलम लावून कामावर परतलेला असतो, आणि तेवढ्या उशिरापायी बोट, कधी अख्खा हात जातो.

पुढे त्याने डिपस्टिक ओढून पाहिली, डिझेल फिल्टरखालचं पाणी काढलं, चाकांच्या नटांवरून बोट फिरवलं, बकेटचा एक सैल दात ठोकून बसवला. मग इंजिन सुरू करून ब्रेक, हॉर्न, रिव्हर्सचा हॉर्न. माझ्या घड्याळात सगळी मिळून चौदा मिनिटं. तेवढ्यात ठेकेदाराचा फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा प्रश्न एकच: मशीन लागलं का?

दुखणं इथेच आहे. ही मशिनं तासावर चालतात. आवरमीटर फिरतं ते इंजिन सुरू झाल्यावर, आणि तपासणीचा मोठा भाग इंजिन बंद असतानाच करायचा असतो. तेल थंड इंजिनावर बघायचं, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. म्हणजे ती पंधरा मिनिटं कुणाच्याच हिशेबात धरलेली नाहीत. मालक म्हणतो, ते ऑपरेटरचं काम. ठेकेदार म्हणतो, बकेट मातीला लागली की तुमचा तास सुरू. उरला ऑपरेटर. त्याने ती मिनिटं आपल्या झोपेतून किंवा आपल्या चहातून काढायची. आणि तो ती काढत नाही, म्हणून आपण त्याला बेफिकीर म्हणायचं? मला हे मान्य नाही.

एका बांधकामावर मी तपासणीची वही पाहिली आहे. तीस तारखा, वीस रकाने, सगळीकडे टिक. एकच पेन, एकच तिरकस फटकारा. ज्या रविवारी मशीन जागचं हललं नव्हतं त्या रविवारपुढेही टिक, आणि उद्याच्या तारखेपुढेही. वही भरणारा पोरगा साइट ऑफिसमध्ये बसत होता. मशीन त्याने लांबूनच पाहिलेलं. खाली सही मात्र एका इंजिनिअरची. ही सही म्हणजे खोटी साक्ष आहे, आणि ज्याच्या डोक्यावरून बकेट फिरणार आहे त्याच्या जिवावर ती दिलेली आहे.

नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत क्रेनच्या वायर रोपबद्दल अगदी मोजून लिहिलं आहे. दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांहून जास्त झाल्या, की तो दोर माल उचलायला वापरायचा नाही. वीस मिलिमीटरचा दोर धरा. आठपट म्हणजे सोळा सेंटीमीटर, वीतभरसुद्धा नाही. तेवढ्या जागेतल्या तारा मोजायच्या तर दोर थांबवावा लागतो, ग्रीस पुसावं लागतं, उजेड लागतो. चालत्या क्रेनकडे खालून मान वर करून हे दिसत नाही.

आणि रात्रपाळीचं काय? दिवसाचा ऑपरेटर खाली उतरतो, रात्रीचा वर चढतो, इंजिन बंदसुद्धा होत नाही. ‘डावा ब्रेक जरा उशिरा लागतोय’ हे सांगायला दोन मिनिटं मिळाली तर नशीब. समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूरजवळ गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं, वीस माणसं गेली. तीही रात्रच होती, ३१ जुलै २०२३ ची. तेव्हापासून कुठल्याही पुलाखालून रात्री जाताना वर दिवे दिसले, की माझ्या मनात येतं, आता पाळी बदलताना कुणी काही बघितलं असेल का.

माझं मागणं साधं आहे. तपासणीचा पाव तास भाड्यात धरा. करारात लिहा, हजेरी तिथूनच लावा. आणि जो तपासतो त्याला मशीन उभं ठेवायचा अधिकार द्या. होज फुगला म्हणून ज्या ऑपरेटरने काम थांबवलं, त्याचा त्या दिवसाचा रोज कापू नका. एवढं होत नाही तोवर त्या वहीला काही अर्थ नाही. दसऱ्याला हीच मशिनं आपण धुऊन पुसून हार घालून उभी करतो. चिखल गेल्यावर वेल्डिंगची चीर दिसते, हे कुठलाही जुना ऑपरेटर सांगेल. मग वर्षातल्या एकाच सकाळी ती दिसावी?

आमच्या गल्लीत त्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी झाली. पाऊण तासाने ऑपरेटर हात पुसत आला, आणि चढण्याआधी पुन्हा एक फेरी मारली. मागच्या चाकापाशी थांबला, वाकला, हळूच हाक मारली. चाकाच्या सावलीत पाइप जोडणारा एक मजूर तोंडावर टॉवेल टाकून गाढ झोपला होता. तो उठला, चपला शोधल्या, फुटपाथवर जाऊन बसला. ऑपरेटरने खालची जागा पुन्हा एकदा पाहिली, वर चढला, हॉर्न दिला आणि मग किल्ली फिरवली.