डोंगर पेटवून निघून गेलेल्या अज्ञात इसमास

अज्ञात इसम,
मुक्काम : डोंगराचा पायथा,
छत्रपती संभाजीनगर.

सप्रेम नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. वनखात्यालाही ते सहसा सापडत नाही, म्हणून वनगुन्ह्याच्या कागदावर तुम्ही वर्षानुवर्षं ‘अज्ञात इसम’ आहात. सातारा डोंगर, सारोळा, दौलताबादच्या टेकड्या, कन्नडकडचं रान... मार्च-एप्रिल आला की कुठे ना कुठे रात्री लाल रेघ चढताना दिसते आणि सकाळी काळा उतार उरतो. वीज पडून आपल्याकडे क्वचितच वणवा लागतो, बाकी सगळी कामगिरी माणसाची. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाला उपग्रहातून आगीचा ठिपका दिसतो, पण काडी धरलेला हात दिसत नाही. तुमची सगळी हिंमत तेवढ्यावरच उभी आहे.

एप्रिल २०२५ मध्ये देवगिरी किल्ल्यावरचं वाळलेलं गवत पेटलं. ती आग तुमची होती असं मी म्हणत नाही. पण शेकडो वर्षं शत्रूला दमवणारी ती चढण त्या दिवशी आग विझवायला निघालेल्यांच्या वाटेत आली. बंब वर जाऊ शकत नाही. डोंगरावरच्या प्रत्येक आगीचं हेच आहे: ती पळत वर जाते आणि विझवणाऱ्याला धापा टाकत तिच्यामागे चढावं लागतं, हातात हिरव्या फांद्या घेऊन, नशीब असेल तर पाठीवर ब्लोअर.

तुमची कारणं मी ऐकली आहेत. गुरांना कोवळा चारा फुटावा म्हणून कुणी गवत जाळतो. कुणी बांध पेटवतो आणि आग रानात शिरताना पाहत उभा राहतो. मधाच्या पोळ्याला धूर देऊन पलिता तिथेच टाकणारे आहेत, टेकडीवर वाढदिवस साजरा करून चूल तशीच सोडून उतरणारेही आहेत. यातलं चाऱ्याचं कारण पोटाशी जोडलेलं आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. आगीनंतर हिरवे कोंब येतात, हे खरं. पण दरसाल जाळलेल्या उतारावर मारवेल, पवन्या यांसारखं गुरांच्या आवडीचं गवत मागे पडतं आणि कुसळी माजते. राख पहिल्या वळवात वाहून जाते. आपल्या डोंगरावर मुरमावर वीतभर माती, तिला धरून ठेवणारं गवत तुम्ही जाळलेलं, मग तीही राखेमागोमाग नाल्यात जाते. गुरांचं नाव पुढे करून तुम्ही गुरांच्याच तोंडचा घास जाळता. आणि तित्तर, लावा, टिटवी जमिनीवर घरटी करतात. त्यांची अंडी उचलून नेता येत नाहीत.

आता हिशेबाकडे वळू, कारण तो तुम्हाला कुणी दाखवलेला नाही. काडीपेटी तुमच्या पैशांची. पुढचं सगळं आमच्या.

आग लागू नये म्हणून केंद्राची एक योजना २०१७-१८ पासून आहे. तिच्यात केंद्र ६० टक्के घालतं, महाराष्ट्र ४० टक्के. त्यातून जाळरेषा काढायच्या, टेहळणी मनोरे बांधायचे, साधनं घ्यायची, लोकांना शिकवायचं. जळाल्यानंतरचं रान पुन्हा उभं करायला पैसा प्रामुख्याने वनीकरणाच्या वाटेनं येतो आणि त्यातली मोठी वाट कॅम्पाची, म्हणजे पर्यायी वनीकरण निधीची. कुठे महामार्ग, कुठे खाण, कुठे धरण यांसाठी वनजमीन दिली जाते, तेव्हा ती घेणाऱ्याला पर्यायी वनीकरणाचा खर्च आणि गेलेल्या जंगलाचं मूल्य भरावं लागतं. हा पैसा वर्षानुवर्षं दिल्लीत साचून राहिला. २०१६ मध्ये त्यासाठी कायदा झाला, ऑगस्ट २०१९ मध्ये ४७ हजार कोटींहून जास्त रक्कम राज्यांना मिळाली, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ३,८०० कोटी आले.

आकडा मोठा वाटतो. पण यातला प्रत्येक रुपया म्हणजे कुठलं तरी जंगल तुटल्याची पावती आहे. त्या पावतीवर आपल्या डोंगरावर लावलेलं रोप तुम्ही जाळलंत, की तिकडचं जंगल दुसऱ्यांदा मेलं. पहिल्यांदा मारणाऱ्यानं निदान पैसे तरी भरले होते. तुम्ही काय भरलंत?

ज्यांच्या कष्टांवर काडी टाकता, त्या माणसांविषयीही ऐका. प्रादेशिक सेनेची १३६ पर्यावरण बटालियन मराठवाड्यात झाडं लावण्यासाठीच आपल्या शहरात उभारली गेली. सीमेवर नोकरी करून परतलेले माजी सैनिक इथल्या उघड्या माळावर खड्डे खणतात, रोपांना पाणी घालतात. सामाजिक वनीकरणाच्या कामावर रोजगार हमीच्या बाया भर उन्हात सलग समतल चर खोदतात. दोन-तीन उन्हाळे जगवलेलं त्यांचं रोप तुमच्या एका संध्याकाळी संपतं. आणि आपला जिल्हा काही गडचिरोली नाही; इथे वनाच्छादन जेमतेम पाच-सहा टक्के. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. अस्वल, बिबटे यांना याखेरीज मोठा आसरा या भागात नाही. तिथे जळालेल्या रानातला प्राणी जाईल तर कुठे? तुमच्या शेतात. मग आरडाओरडा करणारेही तुम्हीच असाल.

२०१९-२० च्या वणव्यांनंतर ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारनं वन्यजीव आणि त्यांचा अधिवास सावरण्यासाठी २० कोटी डॉलर बाजूला काढले. तिथल्या आगी जगानं पाहिल्या. आपल्या आगी गवतातल्या, बुटक्या. दुसऱ्या दिवशी विसरल्या जातात, त्यांच्यासाठी कुणी तिजोरी उघडत नाही. इथे मला सरकारलाही बोलायचं आहे. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्यानं २, ४, १३ आणि ३३ कोटी झाडांचे संकल्प सोडले. लावलेल्या रोपांचे फलक लागले. जळालेल्या रोपांचा फलक मी कुठे पाहिलेला नाही. खड्डे मोजून पैसा देण्याची ही सवय तुमच्या फार सोयीची आहे, कारण तुम्ही जाळलेलं त्यात मोजलंच जात नाही.

खरं तर जळालेल्या रानाला खड्डे नको असतात. पळस, धावडा, साग यांची मुळं जमिनीखाली जिवंत राहतात, पावसानंतर बुडख्यातून फुटवे येतात. त्यांना काही वर्षं आग लागू दिली नाही, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, तर डोंगर बराचसा स्वतःच उठतो. खर्च लागतो तो जाळरेषेचा आणि उन्हाळ्याचे चार महिने राखण करणाऱ्या हंगामी मजुरांचा. नव्या लागवडीपेक्षा हे कितीतरी स्वस्त. माझी मागणी आहे की निधीतला मोठा वाटा या राखणीला मिळावा, आणि ज्या गावाच्या हद्दीत सलग काही वर्षं वणवा लागला नाही त्या गावाच्या वन व्यवस्थापन समितीच्या खात्यात रोख रक्कम जमा व्हावी. संत तुकाराम वनग्राम योजना चांगलं राखणाऱ्या गावांना बक्षीस देतेच. ते बक्षीस हक्काचं उत्पन्न झालं पाहिजे. मग तुमची ओळख गावच पटवेल.

कायदा तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ राखीव वनात आग लावणाऱ्याला शिक्षा देतं, शिवाय नुकसानभरपाई भरण्याचा हुकूमही न्यायालय देऊ शकतं. त्याच कलमानुसार, आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं लागली असेल तर राज्य सरकार त्या वनातले चराईचे हक्क काही काळ बंद करू शकतं. म्हणजे काडी तुमची आणि उपाशी राहणार सगळ्या गावाची गुरं. हे शेजाऱ्याच्या तोंडावर सांगायची तयारी आहे?

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि १५ जूनपर्यंत चालतो. त्याआधी जाळरेषा काढायला माणसं लागतात. कामाला या, मजुरी मिळते. यायचं नसेल तर वनखात्याचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ आहे, तो लिहून घ्या आणि कुणी काडी ओढताना दिसला की लगेच फोन करा. तो कुठल्या वाटेनं चढतो आणि कुठल्या वाटेनं पळतो, हे आमच्यापेक्षा तुम्हाला चांगलं माहीत आहे.

एक करदाता,
छत्रपती संभाजीनगर