दोन टक्के

मालमत्ता कर हा घर उभे असल्याचा दंड नव्हे. बिल पाहून तसे वाटते, एवढेच. नगर परिषदांत रूढ पद्धतीने तो करयोग्य मूल्यावर बसतो: घराला वर्षभरात येऊ शकेल असे भाडे, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा. भाडेकरू असायलाच हवा असे नाही. तो कागदावर राहतो आणि भाडे कधी थकवत नाही. फेरआकारणी दर चार वर्षांनी. मग हरकती, सुनावण्या, निवेदने आणि ‘वाढीला मर्यादा घाला’ ही मागणी.

कॅलिफोर्नियात 1978 च्या मतदानाने अशी मर्यादा घातली: घर विकले जात नाही तोवर करासाठीचे मूल्य वर्षाला 2 टक्क्यांपलीकडे वाढत नाही. चंद्रपूरकरालाही 2 टक्के चांगले ठाऊक आहेत. पण ते थकबाकीवरच्या शास्तीचे, आणि दरमहा. ही शास्ती माफ करायला अधूनमधून अभय योजना येते. तेव्हा एप्रिलमध्येच रांगेत उभा राहिलेला इसम आपले नेमके काय चुकले, हे पावती उलटसुलट करून पाहतो.

बिलावर वृक्ष कराचीही ओळ असते. 1975 चा कायदा शहरातली झाडे राखण्यासाठी आहे. गडचिरोली जिल्हा जवळपास तीन-चतुर्थांश जंगल, तरी झाडाचे पैसे वेगळे. चंद्रपुरात वाघ वीज केंद्राच्या आवारापर्यंत येतो. त्याच्या ताब्यातले क्षेत्र मोठे, आकारणी शून्य. हद्दीबद्दलची त्याची हरकत मात्र कोणी सुनावणीला घेतलेली नाही.