चिंचोकेवाले काका

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत ते ‘बी’ विंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. तुमच्या सोसायटीत ते कुठल्या मजल्यावर राहतात ते तुम्हाला ठाऊक असेलच. आमचे काका बँकेतून रिटायर झाले, सहा महिने सोसायटीच्या टँकरचा हिशेब तपासत बसले आणि कमिटीने हात जोडल्यावर लहान मुलांकडे वळले. तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी साडेपाचला क्लबहाउसातल्या टेबलटेनिसच्या टेबलाभोवती त्यांचं ‘गंमतगणित’ भरतं. दुसरी ते चौथीची चौदा पोरं, निम्मी अजून शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, एखाद्याच्या हातात अर्धा पार्ले-जी.

काका ओळखायची खूण म्हणजे खांद्यावरची कापडी पिशवी. तीत गुल काढलेल्या आगकाड्या, सापशिडीचे फासे आणि गावभरच्या जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकेचा कागद जाड, त्याचे त्रिकोण चांगले कापले जातात. काही लग्नांचा तेवढाच उपयोग झाला, असं ते मला एकदा हळूच म्हणाले होते. आणि चिंचोके. क्लबची फी घरटी दहा चिंचोके. हे ऐकून पालकवर्ग हवालदिल झाला, कारण हल्ली आमटीत चिंच पडते ती बाटलीतून. एका आईने चिंचोके ऑनलाइन मागवले. दहाची गरज, आले अर्धा किलो. काकांनी ते मुलांपुढे ओतले आणि न मोजता अंदाज सांगायला लावला. एक बुधवार त्यातच गेला.

पालकांचे प्रश्न ठरलेले. स्कॉलरशिपला उपयोग होतो का? सर्टिफिकेट मिळतं का? आमचा अ‍ॅबॅकसच्या तिसऱ्या लेव्हलला आहे, त्याला हे सोपं नाही ना जाणार? काका सगळ्यांना एकच उत्तर देतात, “बघू की.” उत्तर न देण्यात त्या माणसाचा हात कुणी धरणार नाही. पोराने उत्तर बरोबर दिलं की म्हणतात, “का बरं?” चुकीचं दिलं तरी, “का बरं?” आणि दोन्ही वेळा चेहरा इतका निरागस, की पोरांना वाटतं, बिचाऱ्यांना खरंच येत नाही. मग ती समजावून सांगायला लागतात. काकूंनी घरी हाच प्रयोग सहन केला आहे. “भाजीत मीठ जास्त झालंय,” असं त्या स्वतःच म्हणाल्या तरी समोरून “का बरं?” येतं.

आमची मुलं इंग्रजी माध्यमातली. एकदा माझ्या मुलीने विचारलं, “काका, एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन?” दुसऱ्या कुणी कपाळावर हात मारला असता. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ आलं, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने मारून घेतलाच होता. काका मात्र खुलले. सत्तर व्हायला एक ऊन, म्हणजे एक कमी, म्हणून एकोणसत्तर. मग एकोणऐंशी, एकोणनव्वद अशी गाडी धडधडत निघाली आणि नव्व्याण्णवला रुळावरून उतरली. “एकोणशंभर का नाही?” चौदा तोंडांनी एकदम विचारलं. काकांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. पुसतच राहिले. तो प्रश्न आमच्याकडे अजून शिल्लक आहे.

हरण्याची त्यांना भलती हौस. वीस चिंचोके मांडायचे, पाळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायचे, शेवटचा उचलेल तो जिंकला. समोरचे दोन दात पडलेला दुसरीतला एक पोरगा काकांपुढे मांडी ठोकून बसला आणि अदबीने म्हणाला, “तुम्ही मोठे ना, तुम्ही आधी.” काकांना केवढं कौतुक! त्यांनी तीन उचलले, त्याने एक. त्यांनी दोन, त्याने दोन. सलग तीन डाव काका हरले. दर वेळी दोघांचे मिळून चार होतायत आणि वीसला चाराने पुरता भाग जातो, हे पोराने घरी आजीबरोबर आदल्याच रात्री ताडलं होतं. काका तीन दिवस लिफ्टमध्ये भेटेल त्याला आपल्या पराभवाची हकीकत सांगत होते.

आता चेअरमनसाहेबांचं प्रकरण. एका बुधवारी काकांनी पोरांना पार्किंगमध्ये नेलं. प्रत्येकाने एका गाडीचा नंबर घ्यायचा. त्यातले चार आकडे मोठ्यापासून लहान असे मांडायचे, मग लहानापासून मोठे, आणि वजा करायचं. आलेल्या संख्येचं पुन्हा तेच. हातचे घेताना पोरांनी जिभा बाहेर काढल्या, खोडरबरं झिजवली, आणि बघता बघता अ‍ॅक्टिव्हा, रिक्षा, दूधवाल्याची मोटरसायकल, सगळ्या ६१७४ वर येऊन थांबल्या. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली हा आकडा धरला, हे सांगताना काका असे फुलले, जणू कापरेकर खालच्याच मजल्यावर राहायचे.

तेवढ्यात चेअरमनांच्याच नातवाने बोंब ठोकली, “आजोबांची गाडी झीरो!”

साहेबांनी आरटीओत जादा पैसे मोजून घेतलेला नंबर होता ७७७७. चारही आकडे एकच असले की पहिल्याच वजाबाकीत शून्य, हे काका सांगायचे विसरले होते. (विसरले होते, असं ते म्हणतात.) साहेब नेमके जिन्यातून उतरत होते. पुढच्या बुधवारी क्लबहाउसची किल्ली सापडेना. त्याच्या पुढच्याही. काकांनी वर्ग पार्किंगमध्येच भरवला, आणि पोरांना टेकायला सोयीची म्हणून ७७७७ च्या बॉनेटवर वह्या ठेवल्या.

तिसऱ्या बुधवारी साहेब स्वतः खाली आले. हातात वीजबिल. पाठच्या बाजूला वजाबाक्याच वजाबाक्या.

“माझी जुनी स्कूटर होती,” ते काकांना जरा बाजूला घेऊन म्हणाले, “२९६१. आधी आले ८३५२, मग ६१७४. पण तिथून पुढे हलतच नाही हो. सात वेळा करून पाहिलं. माझं काही चुकतंय का?”

काकांनी बिल डोळ्यांजवळ धरलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“का बरं हलत नसेल?” ते म्हणाले.

साहेबांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा पोरांकडे. मग खिशातून किल्ली काढून नातवाच्या हातात दिली आणि त्याच्याकडची पेन्सिल मागून घेतली.