हिंजवडीतून सुटला, कॅलेला अडकला!

काय म्हणावं या लोकांना? दिवसभर हिंजवडीच्या कोंडीत क्लच दाबून पायाचे तुकडे पडलेला माणूस रात्री घरी येतो, दोन घास पोटात ढकलतो आणि संगणकासमोर बसून पुन्हा गाडीच हाकतो! बरं, गाडी तरी शर्यतीची? छे! सफरचंदं भरलेला मालट्रक. शत्रू नाही, गोळीबार नाही, घाई नाही. जर्मनीच्या हमरस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, वायपर चालू, रेडिओ चालू आणि चेहऱ्यावर असं समाधान, की काकड आरतीलाही दिसू नये. याला म्हणे 'रिलॅक्स होणं' म्हणायचं!

आग लावली ती प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरने, २०१२ साली 'युरो ट्रक सिम्युलेटर २' हा गेम काढून. यात करायचं काय? तर बँकेकडून कर्ज काढायचं. ट्रक घ्यायचा. डिझेल भरायचं, टोल भरायचा, जांभया यायला लागल्या की झोपायला जागा शोधायची. अहो, फ्लॅटचे हप्ते भरून कंबर मोडलीय ती काय कमी होती? आणि टोल! ज्या महाराष्ट्रात टोलनाक्याचं नुसतं नाव काढलं की बाह्या सरसावतात, तिथली माणसं फ्रान्सच्या नाक्यावर गुमान थांबतात! हेल्मेटसक्ती म्हटली की ज्यांच्या अंगात थेट पेशवाई संचारते ते पुणेकर मध्यरात्री पोलंडमधल्या एका ओसाड चौकात लाल दिवा हिरवा होण्याची वाट बघताहेत. का? तर सिग्नल मोडला की दंड कापतात! लटक्या युरोंचा दंड जिवाला लागतो आणि खऱ्या पावतीच्या वेळी मात्र 'मामा, जरा बघा ना'.

एकट्याने चालवून पोट भरेना, म्हणून मग सगळ्यांनी मिळून खेळायचं 'ट्रकर्सएमपी' आलं. सगळे एकाच नकाशावर. झालं! फ्रान्समधलं कॅले ते जर्मनीतलं डुइसबुर्ग या एका रस्त्यावर अशी कोंडी व्हायला लागली की तो रस्ता त्यासाठीच जगभर बदनाम झाला. बाकीचा युरोप मोकळा पडलाय, पण सगळ्यांना तडफडायचंय तिथेच. गर्दी आहे म्हणून गर्दी! वर या मंडळींनी लुटुपुटूच्या वाहतूक कंपन्या थाटल्यात. ठरलेला रंग, ताफा निघण्याच्या तारखा, भरतीचे अर्ज. अर्ज! पगार शून्य, आणि तरी रुबाब केवढा.

शेतीवाल्यांचं तर विचारूच नका. स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा 'फार्मिंग सिम्युलेटर' २००८ पासून चालूच आहे. २०१९ मध्ये तर त्यांनी स्पर्धाच लावल्या. तिघातिघांचे संघ, आणि पराक्रम कसला? गवताचे गठ्ठे वेळेत गोठ्यात पोचवायचे. बक्षिसं एकूण अडीच लाख युरोंची! इकडे गावाहून वडील फोन करताहेत, 'सोयाबीन काढायला ये रे', तर चिरंजीवांना वेळ नाही, त्यांचा हार्वेस्टर स्क्रीनवर सुरू आहे. या खुळासाठी खास स्टिअरिंगसुद्धा मिळतं, शेजारी ट्रॅक्टरच्या लोडरसाठी बटणांची वेगळी पट्टी. घरातली इस्त्री बिघडून महिना झाला तरी चालेल, पट्टी हवी.

आणि 'आम्ही नाही हो त्यातले' म्हणणाऱ्यांनी जरा गप्प बसावं. रस्त्यात खड्डा खणायला जेसीबी आला की भाजीची पिशवी हातात धरून अर्धा तास कोण उभं असतं? २०१९ च्या मे महिन्यात सगळा देश जेसीबीच्या खोदकामाचे व्हिडिओ बघत होता, तेव्हा ते काय फक्त कंत्राटदार बघत होते? मोबाइलवरच्या 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया'चं तेच. गेम जावा बेटावरचा, पण आपल्या पोरांनी त्या बसला एसटीचा लाल रंग चढवलाय. खरी लालपरी फाट्यावर थांबली नाही की डेपोच्या नावाने शिमगा करायचा आणि मोबाइलवर स्वतः एकही थांबा सोडायचा नाही! रागवायला आलेल्या गृहिणी मागे उभं राहून 'अहो, इंडिकेटर द्या' म्हणू लागल्यात. आजोबांचं तर चालकाच्या वळणाबद्दल रोज स्वतंत्र मत असतं.

मुळात हे खूळ हसण्यावारीच न्यायचं होतं. १९९५ च्या सुमारास पेन आणि टेलर या अमेरिकी जादूगार जोडीसाठी 'डेझर्ट बस' हा गेम बनला. टूसॉन ते लास वेगास, आठ तास, खरेखुरे आठ तास, सरळ वाळवंट. बस जराशी उजवीकडे ओढते, म्हणून स्टिअरिंग सोडून चहाला उठायची सोय नाही. पोचलात की गुण मिळणार एक! निव्वळ टिंगल होती, तेव्हा गेम बाजारातही आला नाही. पण माणसं ऐकतात होय? २००७ पासून दरवर्षी लोक ती बस दिवसेंदिवस चालवतात आणि जगभरातून धर्मादाय देणग्या गोळा करतात. टिंगल करणाऱ्यांनाच तोंडात बोट घालायची पाळी!

तेव्हा नाकं मुरडून झाली असतील तर एक सांगा. 'युरो ट्रक'मध्ये माल पोचल्यावर ट्रेलर मागे घेऊन धक्क्याला लावायचा असतो, तेव्हा अवघड जागा निवडता की सोपी? 'पार्किंग वगळा' दाबणारे गुपचूप किती आहेत, ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. त्यांनी निदान या चर्चेत तरी तोंड उघडू नये.